ध्यास आधी की काम आधी?

'तुझी पॅशन काय?' हा प्रश्न हल्ली आठवी-नववीतल्या मुलांनाही विचारला जातो. करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरात विचारतात, लग्नकार्यात भेटलेले नातेवाईक विचारतात, कॉलेजच्या प्रवेशाच्या मुलाखतीत तर विचारतातच. उत्तर सुचलं नाही की मूल खट्टू होतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे असं त्याला वाटू लागतं. त्यात विशी-बाविशीतल्या यशस्वी उद्योजकांच्या मुलाखती रोज मोबाइलवर येऊन पडतात. प्रत्येक जण सांगतो की मी माझ्या आवडीच्या मागे गेलो. ऐकणाऱ्याच्या मनात एक क्रम पक्का होतो: आधी ध्यास लागतो, मग कल्पना सुचते, मग कंपनी निघते, मग पैसा येतो.

उद्योजक प्रत्यक्षात कसे विचार करतात, कसे वागतात यावर गेल्या पंचवीसेक वर्षांत बरंच संशोधन झालंय. त्यातून दिसणारा क्रम बराच वेगळा आहे. आणि तो समजून घ्यायला सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही. आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीची एक चांगली नोंदलेली गोष्ट आहे, तिच्यातून तो लख्ख दिसतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथे जन्मले. किर्लोस्कर म्हटलं की आपल्याला पंप आठवतात, इंजिनं आठवतात. पण तरुण लक्ष्मणरावांना व्हायचं होतं चित्रकार. वडिलांच्या मनाविरुद्ध ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे कळलं की काही रंग त्यांना नीट ओळखताच येत नाहीत. आंशिक रंगांधळेपणा होता. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलासाठी याहून मोठा धक्का कुठला?

आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांची पॅशन तिथेच संपली. हातात उरलं ते रेखाटन. यंत्राचा आराखडा काढायला रंग लागत नाहीत. साफ रेघ आणि अचूक माप लागतं. ते यंत्रांची रेखाटनं शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवू लागले. आता यंत्राचं चित्र काढायचं तर ते आतून कसं आहे हे कळावं लागतं. कुठला दाता कुठल्या चाकात अडकतो, जोर कुठून कुठे जातो. चित्रकलेची वाट बंद झाली म्हणून हा माणूस यंत्रांपाशी पोचला, आणि यंत्रांवर काम करता करता यंत्रांचं वेड लागलं. आधी काम, मग वेड.

किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात १८८८ सालापासून मोजतो. तेव्हा लक्ष्मणराव एकोणीस वर्षांचे होते. धंदा होता सायकलींचा. मुंबईत सायकल घ्यायची, बेळगावला मोठ्या भावाकडे, रामूअण्णांकडे पाठवायची आणि रामूअण्णांनी ती विकायची. सायकल ही तेव्हा नवलाईची वस्तू, चालवता कोणालाच येत नव्हती. म्हणून हे भाऊ फी घेऊन सायकल चालवायलाही शिकवत. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. वस्तू नवी असली की नुसती विकून भागत नाही, ती वापरायला माणूस तयार करावा लागतो. हा धडा पुढे नांगराच्या वेळी त्यांच्या कामी आला.

व्हीजेटीआयमध्ये त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला बढती मिळाली आणि त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात आधी सायकलींच्या दुरुस्तीचं, मग शेतीच्या अवजारांचं काम सुरू झालं. त्यातलं पहिलं नाव घेण्याजोगं यंत्र म्हणजे कडबाकुट्टी.

ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांना हे यंत्र सांगायला नको, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. ज्वारीचा अख्खा कडबा गव्हाणीत टाकला की बैल वरचा पाला खातो आणि जाड धाटं पायाखाली तुडवतो. वैरण फुकट जाते. कडबाकुट्टीत पेंढी एका लांबट खोक्यातून पुढे सरकवायची, तोंडाशी एक जड चाक, चाकाच्या आऱ्यांना धारदार पाती. चाक हाताने फिरवलं की वैरणीचे बारीक तुकडे पडत जातात. मग धाटंही जनावराच्या पोटात जातात आणि वैरणीची तीच गंजी जास्त दिवस पुरते. ज्या मुलखात दर काही वर्षांनी दुष्काळ पडतो तिथे याची किंमत शेतकऱ्याला लगेच कळते. चाक फिरवलं आणि फायदा डोळ्यांसमोर दिसला.

नांगराचं तसं झालं नाही. लोखंडी नांगर बाजारात आणला तेव्हा शेतकरी त्याला हात लावेनात. लोखंडाने जमिनीला विष चढतं असा समज होता. पहिले काही नांगर विकले जायला दोन वर्षं लागली.

दोन वर्षं या शब्दांवर जरा थांबूया, कारण नवनिर्मिती म्हणजे काय ते इथेच कळतं. लोखंडी नांगर हा काही लक्ष्मणरावांचा शोध नव्हता. अमेरिकेत जॉन डीयरने पोलादी नांगर १८३७ मध्येच बनवला होता. म्हणजे कल्पना जगात होती, नमुने होते. नव्हता तो इथल्या बैलांना ओढता येईल, इथल्या शेतकऱ्याला परवडेल, मोडला तर इथेच दुरुस्त होईल आणि ज्याच्यावर इथल्या माणसाचा विश्वास बसेल असा नांगर. शोध लागणं ही एक गोष्ट. तो शोध माणसांच्या रोजच्या वापरात उतरवणं ही दुसरी, आणि बहुतेक वेळा जास्त कठीण. नवनिर्मिती म्हणतात ती या दुसऱ्या गोष्टीला. वर्तमानपत्रातल्या बातम्यांमध्ये या दोहोंची सारखी गल्लत होते आणि मुलांना वाटत राहतं की जगात कोणालाच सुचलं नाही असं काहीतरी सुचल्याशिवाय आपण सुरूच करू शकत नाही.

शेतकऱ्यांचं मन वळलं ते जमिनीत काय होतं ते पाहून. लाकडी नांगर जमीन फोडतो, पण पलटत नाही. लोखंडी नांगराच्या फाळामागे वळणदार पान असतं, त्यावरून मातीचा थर चढतो आणि उलथा पडतो. खालची माती वर येते, हराळी आणि कुंदा या चिवट तणांची मुळं उघडी पडतात आणि उन्हात वाळून जातात. काळ्या जमिनीत कुंदा माजला की शेतकरी किती हैराण होतो हे तिथल्या माणसालाच विचारावं. एकाच्या रानात हे झालेलं शेजाऱ्याने पाहिलं की विषाची गोष्ट आपोआप मागे पडते.

आता संशोधनाकडे वळू. सारस सरस्वती या भारतीय वंशाच्या अभ्यासक अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात शिकवतात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, पीएचडी करत असताना, त्यांनी २७ अनुभवी उद्योजक निवडले. साधेसुधे नव्हेत, ज्यांनी मोठमोठ्या कंपन्या उभ्या केल्या आणि वर्षानुवर्षं चालवल्या असे. प्रत्येकाला एकाच काल्पनिक मालाबद्दलचे तेच प्रश्न दिले आणि सांगितलं, विचार करताना मनात जे येईल ते मोठ्याने बोला. मग ते सगळं बोलणं तपासलं.

व्यवस्थापनाच्या पुस्तकात शिकवतात ते असं: ध्येय ठरवा, बाजाराचा अभ्यास करा, आराखडा करा, त्याप्रमाणे पैसा उभा करा. अनुभवी उद्योजक मात्र उलट्या बाजूने सुरुवात करत होते. माझ्याकडे आत्ता काय आहे? मला काय येतं? मी कोणाला ओळखतो? यातून आज काय करता येईल? ध्येय पुढे पुढे स्पष्ट होत जायचं, बदलायचं सुद्धा. घरात असलेल्या जिनसांतून स्वयंपाक करणारी बाई आणि पाककृतीचं पुस्तक उघडून सामानाची यादी काढणारी बाई, यांच्यातला हा फरक आहे. दोघींचंही जेवण होतं, पण पहिलीला दुकान उघडायची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. यातून मला किती मिळेल हा प्रश्न हे उद्योजक सुरुवातीला विचारत नव्हते. त्यांचा प्रश्न होता: हे बुडालं तर माझं किती जाईल, आणि तेवढं गेलेलं मला सोसेल का? नव्या गोष्टीत फायद्याचा अंदाज बांधता येतच नाही. आधी कोणी केलेलंच नाही तर आकडा कुठून आणणार? पण आपल्याला किती तोटा झेपेल हे मात्र प्रत्येकाला नक्की माहीत असतं. म्हणून निर्णय त्या आकड्यावर घ्यायचा.

लक्ष्मणरावांकडे या चष्म्यातून पाहिलं की हे स्वच्छ दिसतं. त्यांच्याकडे काय होतं? रेखाटनाचा हात, मुंबईची माहिती, बेळगावातला भाऊ आणि महिन्याचा पगार. सायकलींचा धंदा नोकरी सांभाळून, भावाच्या भागीदारीत. चुकलं असतं तर थोडी रक्कम गेली असती, घर बुडालं नसतं. १८८८ मध्ये त्यांच्या डोळ्यांपुढे नांगराचा कारखाना होता असं म्हणायला काहीही आधार नाही. सायकलीतून दुरुस्ती, दुरुस्तीतून यंत्रकाम, यंत्रकामातून कडबाकुट्टी, कडबाकुट्टीतून नांगर. प्रत्येक पायरीवर उभं राहिल्यावर पुढची दिसली.

आणि ध्यासाचं काय? त्यावर २०१५ मध्ये एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध झाला. जर्मनीतल्या ल्युनेबर्ग विद्यापीठातले मिखाएल गिलनिक आणि सहकारी यांनी नुकताच धंदा सुरू करणाऱ्या ५४ जणांना आठ आठवडे दर आठवड्याला प्रश्न विचारले. या आठवड्यात तुम्ही किती मेहनत घेतली, आणि तुम्हाला या कामाबद्दल किती ओढ वाटते? सगळ्यांचा समज असा की ओढ जास्त असेल तो पुढच्या आठवड्यात जास्त मेहनत घेईल. निघालं उलटं. या आठवड्यात ज्याने जास्त मेहनत घेतली त्याची ओढ पुढच्या आठवड्यात वाढलेली होती.

पुढे त्यांनी प्रयोग करून याचं कारणही शोधलं. नुसती मेहनत करून ओढ वाढत नाही. दोन अटी आहेत. एक म्हणजे काम पुढे सरकताना दिसलं पाहिजे. दुसरी म्हणजे ते काम आपण स्वतः निवडलेलं असलं पाहिजे. यातली एक जरी अट गळली तरी कष्ट हे कष्टच राहतात. रात्रंदिवस राबूनही ज्यांना कामाचा कंटाळा येतो त्यांना आळशी म्हणण्याआधी या दोन अटी तपासून पाहाव्यात. वर्गात, घरी, कारखान्यात, सगळीकडे.

म्हणून मुलाखतीतल्या 'मी माझ्या आवडीच्या मागे गेलो' या वाक्याचं काय करायचं? बोलणारा खोटं बोलत नसतो. आज त्याला खरोखरच वेड लागलेलं असतं, आणि मागे वळून पाहताना ते सुरुवातीपासूनच होतं असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. फक्त ते वाक्य ऐकून सोळा वर्षांच्या मुलाने वेडाची वाट पाहत बसायचं नाही.

तरुण वयाबद्दलही एक समज दुरुस्त करायला हवा. उद्योजक म्हटलं की आपल्याला कॉलेज सोडलेला विशीतला पोरगा दिसतो. अर्थशास्त्रज्ञ पिएर अझूले आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या सरकारी नोंदींतून सुमारे २७ लाख कंपनी-संस्थापकांची वयं तपासली. कंपनी सुरू करताना सरासरी वय साधारण ४२ निघालं. आणि ज्या कंपन्या सगळ्यात वेगाने वाढल्या, हजारातली एक या हिशेबाने, त्यांच्या संस्थापकांचं सरासरी वय ४५. त्याच धंद्यात आधी काम केलेलं असेल तर यशाची शक्यता बरीच वाढते असंही दिसलं. म्हणजे चाळिशी-पंचेचाळिशीच्या वाचकांनी हा लेख मुलांना पाठवण्याआधी स्वतःसाठीही वाचावा.

मग तरुणांकडून शिकायचं ते काय? माझ्या मते त्यांची ताकद बुद्धीत किंवा धडाडीत शोधणं ही चूक आहे. ताकद आहे परिस्थितीत. एकवीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर घराचा हप्ता नसतो. फसलं तर समाज फारसं बोलत नाही, शिकतेय म्हणतो. झेपणारा तोटा मोठा असतो, म्हणून ती लवकर हात घालते. आणि लवकर हात घातल्यामुळे पंचेचाळिसाव्या वर्षी लागणारा अनुभव तिला लवकर गोळा होतो. आयडियाफोर्जचं उदाहरण घ्या. आयआयटी मुंबईतल्या मुलांनी २००७ मध्ये काढलेली ही ड्रोन बनवणारी कंपनी. भारतीय लष्कराची मोठी ऑर्डर मिळाली २०२१ मध्ये, शेअर बाजारात कंपनी आली २०२३ मध्ये. सोळा वर्षं. सुरू करताना कॉलेजातली पोरं होती, यश मिळालं तेव्हा चाळिशीकडे झुकलेले अनुभवी लोक होते. बातमीत मात्र आपण कॉलेजातली पोरंच वाचतो.

आता आजच्या काळातलं एक उदाहरण जवळून पाहू. व्हीजेटीआयपासून हाकेच्या अंतरावर, माटुंग्यातच, इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी आहे. जुने लोक तिला अजून यूडीसीटी म्हणतात. तिथे शिकलेल्या वैभव तिडके, निधी पंत आणि त्यांच्या मित्रमंडळींनी एस४एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी काढली. विषय होता शेतमालाची नासाडी. भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओतले जातात, कांदा चाळीत सडतो, हे मराठवाड्यातल्या किंवा नाशकातल्या मुलाला सांगावं लागत नाही. ही मुलं रसायन अभियांत्रिकी शिकत होती आणि त्या विद्येत वाळवणं हा एक रीतसर विषय आहे. हातात जे होतं त्यातून सुरुवात.

वाळवणात नवीन ते काय, असं कोणीही म्हणेल. कुरडया, सांडगे, आमसुलं, पिढ्यान्‌पिढ्या वाळवतोच की. पण कांद्याचं गणित पाहा. ताज्या कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पाणी आहे म्हणून बुरशी आणि जिवाणू वाढतात, म्हणून तो सडतो. पाणी पुरेसं काढून टाकलं की त्यांना वाढायला वाव राहत नाही. दहा किलोचा जेमतेम सव्वा किलो उरतो आणि तो कित्येक महिने टिकतो. अडचण अशी की पाण्याची वाफ करायला प्रचंड उष्णता लागते. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत आणायला जेवढी लागते त्याच्या सुमारे सातपट उष्णता ते सगळं पाणी उडवून लावायला लागते. विजेवर हे करायचं तर बिल परवडत नाही. गच्चीवर उघड्यावर वाळवायचं तर धूळ, माश्या, अवकाळी पाऊस. शिवाय थेट उन्हात रंग उडतो, वास जातो, आणि असा माल कुठली खाद्यपदार्थ कंपनी घेणार?

या मुलांनी जो सौर वाळवणीचा संच केला त्यात वीज लागत नाही. नेहमीच्या सौर वाळवणीत आधी हवा तापते, ती हवा कापांवरून जाते आणि बरीचशी उष्णता सोबत घेऊनच बाहेर निघून जाते. यांच्या संचात काळसर लेप दिलेले धातूचे ट्रे उन्हाने तापतात आणि काप त्या तापलेल्या पत्र्यालाच टेकलेले असतात. तव्यावरून भाकरीत जाते तशी उष्णता पत्र्यातून सरळ कापात शिरते. वरून झाकण असल्याने धूळ नाही, माशी नाही. तत्त्व शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलंच आहे. ते कुठे, कसं बसवायचं हे डोकं.

पण यंत्र तयार झालं म्हणजे प्रश्न सुटला का? नाही. किर्लोस्करांच्या नांगरासारखाच इथेही खरा प्रश्न यंत्राच्या पलीकडे होता. शेतकऱ्याने कांदा वाळवला, पोतं भरलं, पुढे विकायचा कुणाला? गावच्या बाजारात वाळवलेल्या कांद्याला गिऱ्हाईक नाही. मोठ्या कंपनीला एक पोतं नको असतं, एकसारख्या प्रतीचे ट्रकच्या ट्रक हवे असतात. म्हणून एस४एसने पुढची साखळीही हातात घेतली. गावातल्या बायकांकडे वाळवणीचे संच, त्यांनी आपल्या गावातच माल कापायचा, वाळवायचा, आणि कंपनीने तो विकत घेऊन पुढे प्रक्रिया करून खाद्यपदार्थ उद्योगांना द्यायचा. जो माल प्रतवारीत मागे पडतो, आकाराने वेडावाकडा असतो, त्यालाही किंमत येते. २०२३ मध्ये या कामाला 'कचरामुक्त जग' या गटातलं अर्थशॉट हे पर्यावरणविषयक पारितोषिक मिळालं, दहा लाख पौंडांचं. पारितोषिकाची बातमी सगळ्यांनी वाचली. माझ्या दृष्टीने जास्त शिकण्यासारखा आहे तो यंत्राकडून साखळीकडे जाण्याचा निर्णय. आपल्या हातच्या यंत्रावर कुणाचाही जीव जडतो. अडचण यंत्रात नसून यंत्राच्या पुढे आहे हे मान्य करणं अवघड जातं.

इथे ध्यासाची एक दुसरी, काळजीची बाजू येते. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड यांनी २००३ मध्ये ध्यासाचे दोन प्रकार मांडले. एकात माणसाचा कामावर ताबा असतो. काम आवडतं, पण घर, मित्र, झोप यांना जागा राहते आणि वेळ आली तर थांबता येतं. दुसऱ्यात कामाचा माणसावर ताबा असतो. थांबता येत नाही, थांबलं तर अपराधी वाटतं, आपली सगळी किंमत त्या एका गोष्टीवर टांगलेली असते. बाहेरून दोघंही सारखेच झपाटलेले दिसतात. पण दुसऱ्या प्रकारचा माणूस गिऱ्हाइकाचं 'नको' ऐकूच शकत नाही, कारण त्याला ते स्वतःला मिळालेलं 'नको' वाटतं. तो वस्तू बदलत नाही, दिशा बदलत नाही, कर्ज मात्र वाढवत जातो. सतरा-अठरा तास काम करणाऱ्या मुलांचं कौतुक करणारे व्हिडिओ पाहिले की मला धास्ती वाटते. घरात असं मूल असेल तर कौतुकाआधी एक साधी गोष्ट बघावी: एक दिवस काम बंद ठेवलं तर ते चिडचिडं होतं का, की मोकळं होतं?

आता राहिला तोट्याचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो. झेपेल तेवढाच तोटा पत्करा हे सांगायला सोपं आहे. पण काहींना शंभर रुपयांचाही तोटा झेपत नाही. शेतमजुराच्या मुलीला झेपत नाही. लग्नाचं वय झालं असं जिच्या घरचे म्हणतायत तिला एक वर्षही झेपत नाही. म्हणून अशा घरांतून कल्पना येत नाहीत असं नाही. त्या हातापर्यंत पोचत नाहीत.

लक्ष्मणरावांच्या आयुष्यातही हा क्षण आला. बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवायला जागा हवी होती, त्यामुळे चालता कारखाना हलवणं भाग पडलं. एवढा तोटा त्यांच्या एकट्याच्या कुवतीपलीकडचा होता. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. ते स्वतः उत्तम चित्रकार होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी. जागा निवडुंगाने आणि सापांनी भरलेली होती. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडी वसली. सोबत आलेल्या माणसांत शाळेत न रमलेला मुलगा होता, पूर्वी तुरुंगवास भोगलेली माणसं राखणदार म्हणून होती. बाहेर ज्यांना कोणी काम दिलं नसतं अशांना तिथे काम मिळालं आणि त्यांनी ते निभावलं.

आजच्या औंधचं काम कोण करतं? केंद्र सरकारची स्टार्टअप इंडिया योजना २०१६ च्या जानेवारीत सुरू झाली. २०२१ पासून तिच्यात बीजनिधी आहे. कल्पना चालते हे सिद्ध करायला, नमुना बनवायला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि पुढे बाजारात उतरायला पन्नास लाखांपर्यंत कर्जरूपाने. रक्कम चांगली आहे. पण ती मान्यताप्राप्त इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत मिळते, त्यासाठी कंपनी नोंदलेली असावी लागते, सादरीकरण करावं लागतं. पलूस किंवा अंबाजोगाईच्या कॉलेजातली मुलगी तिथवर पोचण्याआधी तिला दहा-वीस हजारांचा पहिला प्रयोग करून पाहायचा असतो. एक पत्रा कापून घ्यायचा असतो, एक मोटर आणायची असते, दहा शेतकऱ्यांकडे जाऊन यायचं भाडं हवं असतं. तो पहिला प्रयोग फसण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याला बँक पैसे देत नाही आणि घरही देऊ शकत नाही.

तालुक्याच्या प्रत्येक कॉलेजात एवढ्या रकमेचा निधी ठेवता येईल. माजी विद्यार्थी ठेवू शकतात, पतसंस्था ठेवू शकतात, सहकारी साखर कारखाना ठेवू शकतो. अटी दोनच असाव्यात: वस्तू तयार करायची, आणि ती वापरणाऱ्या दहा माणसांचं म्हणणं लिहून आणायचं. पैसे बुडाले तरी परत मागायचे नाहीत. भाषण नको, स्पर्धा नको, तुझी पॅशन काय हा प्रश्न तर अर्जात नकोच. त्या दहा जणांत कुणी 'मला अजून एक बनवून दे' म्हणालं, तर दुसऱ्या हप्त्याचं बोलायला बसावं.